कातिणीवरचा आळ

जलीलभाईने लोणच्याची बरणी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "आळ हिच्यावर आलाय साहेब. आणि हिच्यामुळं माझ्यावर."

बरणीत मेलेली कातीण होती. शाळेच्या पुस्तकात कोळी म्हणतात, लातुरात कातीण. चांगली तळहाताएवढी, चपटी, पाय आखडलेले, पोटाशी अंड्यांची पांढरी गोल चकती.

मन्मथ दोन पावलं मागं सरकला. फोटो स्टुडिओ त्याचा, काउंटर त्याचं, पण किडामुंगीपुढं त्याचं काही चालत नसे.

"घाबरू नका मन्मथप्पा, मेलीय ती," म्हणत आनंदराज सोनकांबळे आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याने बरणी उचलून उजेडाकडं धरली.

आनंदराजचं ऑफिस म्हणजे मन्मथच्या स्टुडिओमागची ती खोली. एक टेबल, दोन खुर्च्या. पूर्वी तो एका विमा कंपनीसाठी दावे तपासायचा. भूकंप झाला तेव्हा किल्लारीकडच्या गावांत मढ्यांची खात्री करत हिंडला. मग एक दिवस नोकरी सोडून दिली. कारण विचारलं तर सांगायचा, "मेलेल्याला म्हणायचं, मेलास हे सिद्ध कर. जमेना मला." आता लोकांच्या खाजगी चौकशा करायचा. मन्मथ त्याच्यासोबत हिंडायचा, फोटो काढायचा, आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"बसा जलीलभाई. कुणी मारली ही?"

"भुजंग सरांच्या शिपायानं. काल सर स्वतः आले घरी. सुवर्णरेखा क्लासेसचे. भिंती बघितल्या, पत्रे बघितले, ही दिसली, चपलीनं मारली, बरणीत घातली आणि गल्लीभर दाखवत गेले. 'ह्या घरात विषारी कातिणी हायत, पोरींनो, सामान काढा.' मी बरणी हिसकून आणली."

जलीलभाई पत्र्याच्या पेट्या बनवायचा. भूकंपाने अर्ध्या जिल्ह्याची घरं पाडली आणि चार-पाच वर्षांत क्लासेसनी उरलेल्या घरांत खेड्यांतली पोरं आणून कोंबली. प्रत्येक पोराला एक पेटी लागते. जलीलभाईचं बरं चाललं होतं. घराच्या माडीवर त्याने पत्र्याच्या दोन खोल्या चढवून मुलींना भाड्याने दिल्या होत्या. त्याची बायको बानो डबे करायची.

"चावली कुणाला?"

"जगदेवीला. निलंग्याकडची पोरगी, हुशार हाय लई. दंड सुजला, ताप भरला. आम्हीच सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणतात आजच चिरा द्यावा लागंल. आणि तिचा बाप म्हणतो, कापू देणार न्हाई. त्याच्या गावाकडं कातीण उतरवणारा हाय एक, झाडपाल्याचा लेप लावतो. संध्याकाळच्या गाडीनं न्यायला बसलाय पोरीला."

"नेली तर?"

"डॉक्टरीणबाई म्हणतात, मग आणू नका परत." जलीलभाईने रुमालाने तोंड पुसलं. "पोरगी गेली तर म्हणतील, जलीलच्या घरानं खाल्ली."

"तुम्हाला काय पाहिजे जलीलभाई? घरावरचा डाग पुसायचाय, का पोरगी वाचवायचीय?"

"एकच हाय ना साहेब ते. ही कातीण सुटली, की बाप चिरू देईल. मग पोरगी सुटली."

आनंदराजने मन्मथकडं पाहिलं. "ऐकलंत? संध्याकाळच्या गाडीआधी उरकायचंय. कॅमेरा राहू द्या, छत्री घ्या. ऊन लई आहे."

*

सरकारी दवाखान्यात जागा नव्हती, पण डॉक्टर बुद्धप्रियाने जगदेवीची खाट खिडकीजवळ लावून घेतली होती. डॉक्टर तरुण होती, नांदेडला शिकलेली, आणि दोन पाळ्या सलग केल्यामुळं चिडलेली.

जगदेवीचा डावा दंड उशीवर ठेवला होता. खांद्याखाली बाहेरच्या अंगाला पेरूएवढी सूज, लाल, तकतकीत, आणि त्या लालीची एक रेघ काखेकडं चढत निघालेली. सुजेच्या मधोमध एकच बारीक काळा ठिपका. मन्मथने तोंड फिरवलं.

"कधीपासून दुखतंय जगदेवी?" आनंदराजने विचारलं.

"कातीण चावली," ती म्हणाली. प्रश्न वेगळा होता. उत्तर तयार होतं.

"बघितलीस तू तिला?"

"झोपेत चावली."

"चावली तेव्हा जाग आली?"

पोरीने डोळे मिटून घेतले. तिच्या उशाशी बसलेला बाप, वीरण्णा, उठून उभा राहिला. अंगावर मळकं धोतर, कपाळावर भस्माचे पुसट पट्टे.

"लेकराला तरास देऊ नका साहेब. कातीण फिरली हाय, दिसून राहिलं की. आमच्याकडं उतरवत्यात."

"आणि चिरा का नको?"

वीरण्णा भिंतीकडं बघत म्हणाला, "भूकंपात हिच्या आईचा पाय दगडाखाली सापडला. तंबूतल्या डॉक्टरांनी कापला. म्हणले, कापला तर जगंल. कापला. तिसऱ्या दिवशी गेली." त्याने पोरीच्या पायावरची चादर सारखी केली. "ज्यानं कापलं त्यानं मारलं, असं म्हणत न्हाई मी. पण आता घरातलं एक बोट कापू देणार न्हाई."

डॉक्टर त्यांना व्हरांड्यात घेऊन आली.

"ऐकलंत? सकाळपासून हेच. मी सांगते पू आहे, तो सांगतो विष आहे. कातीण चावली म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बसते. फोड आला, कातीण फिरली. पुरळ आलं, कातीण फिरली. सगळं तिच्याच नावावर. आणि आठ दिवस चुना-हळद थापून मग माझ्याकडं येतात."

"पण चावत तर असेल ना कधी?" मन्मथने विचारलं.

"चावते. पण बहुतेक वेळा गांधील चावल्यासारखं होतं आणि उतरतं. साबणाने धुवायचं, गार फडकं ठेवायचं, लक्ष ठेवायचं. कापायचं नाही, चोखायचं नाही. खरंच विषारी असेल तर ते थोड्या तासांत बोलतं. पोटात पिळे पडतात, घाम सुटतो, श्वास अडतो, दुखणं अंगभर पसरतं. तसं दिसलं की पळत यायचं. हिला त्यातलं एकही झालं नाही."

"आणि हिला झालंय ते?"

"लाली पसरायला लागली, ताप आला, रेघ वर चढली, मधे काळं पडायला लागलं, की कशाने झालं हे विचारत बसायचं नाही. दवाखाना गाठायचा. मी औषध सुरू केलंय, पण पू आत खोल आहे. बाहेर काढल्याशिवाय औषध पोचणार नाही. बापाने नाही म्हटलं तर मी काय करू? पोलीस बोलावू?"

"इतक्या खोल कसा गेला पू?"

डॉक्टरने त्याच्याकडं नीट पाहिलं. "हेच मलाही विचारायचंय. पोरगी सांगत नाही."

*

जलीलभाईच्या घरात धूर कोंडला होता. बानो चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

"माफ करा भाऊ, डोळ्यांत पाणी येईल. रेशनला रॉकेलच न्हाई आलं ह्या खेपेला. अख्ख्या गल्लीचे स्टो कोरडे पडलेत. लाकडावर डबे करून राहिले."

माडीवरच्या खोल्या मुलींनी रिकाम्या केल्या होत्या. एकीची फणी तेवढी खिडकीत राहिली होती. भिंतींना नवा चुना होता. आनंदराज कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघत होता. पत्र्याखालच्या वाशावर तसलीच आणखी एक चपटी कातीण निवांत बसली होती. मन्मथ दारातच थांबला.

"हिला का नाही मारलं?" आनंदराजने विचारलं.

"का मारू?" बानो वर येत म्हणाली. "झुरळं खाते ती. माझ्या सासूच्या वक्तापासून हायत. आजपर्यंत कुणाला चावली न्हाई. आता लोक म्हणतात म्हणून चावायला लागली काय?"

तिच्यामागं तिची मुलगी जिक्रा उभी होती, जगदेवीच्याच वयाची. ती क्लासला जात नव्हती. सरांनी फी सांगितली तेव्हा जलीलभाई हसला होता आणि विषय तिथंच संपला होता.

"जगदेवी कुठं झोपायची?"

"माझ्याशेजारी," जिक्रा म्हणाली. "एकाच गादीवर. पांघरायला एकच रजई."

"तुला काही चावलं?"

"मच्छर."

आनंदराज हसला. "दुखायला कधी लागलं तिला?"

"गेल्या आठवड्यात क्लासवरून आली तेव्हा म्हणाली, हात जड झालाय. मी म्हटलं, दाबून देऊ का? तर ओरडलीच. मग दोन-तीन दिवसांनी लाल झालं, मग गाठ आली. ताप नंतर. मला दाखवत नव्हती. अंघोळीच्या वक्ताला दिसलं. मी म्हटलं, अम्मीला सांगते. तर म्हणाली, तुला माझ्या आईची शपथ." जिक्राचा आवाज खाली आला. "मेलेल्या आईची शपथ मोडता येते का? मी दोन दिवस थांबले. मग मोडली."

"बरं केलंस," आनंदराज म्हणाला. "लवकर मोडायला पाहिजे होतीस, पण बरं केलंस."

बानोने पदराने डोळे पुसले. धुराने असेल. "एकटी तीच न्हाई भाऊ. औसा रोडला मी पोरांना डबे देते. तिथल्या एकाचा, जगदेवीच्याच बॅचमधल्या पोराचा, डबा भरलेला परत येऊन राहिला. त्यालाही कातीण फिरली म्हणे. दंडावरच."

"औसा रोडला? ते घर कुणाचं?"

"सरांच्या मेव्हण्याचं. सिमेंटचं हाय, नवं."

"तिथं सर बरणी घेऊन गेले होते?"

"तिथं कशाला जातील?" बानो म्हणाली.

*

सुवर्णरेखा क्लासेसच्या दारावर रंगीत बोर्ड होता. त्यावर मागच्या वर्षीच्या गुणवंतांचे चेहरे. ते फोटो मन्मथनेच काढले होते, त्यामुळं तो दरवेळी तिथं जरा रेंगाळायचा. आज मात्र त्याचं लक्ष सुटलेल्या वर्गाकडं गेलं. मेरिट बॅच बाहेर पडत होती. ही बॅच म्हणजे सरांची निवडक पोरं, ज्यांच्या जिवावर पुढच्या वर्षीचा बोर्ड रंगायचा.

"गंमत बघा," मन्मथ पुटपुटला. "बाकीची पोरं दप्तर कुठल्याही खांद्याला अडकवतात. ह्यांची सगळ्यांची उजव्या खांद्याला. शिस्त आहे सरांची."

आनंदराज थांबला. "शिस्त," तो म्हणाला. एवढंच.

भुजंग सर गोरेपान, गळ्यात सोन्याची साखळी, बोलण्यात फळ्यावर लिहिल्यासारखी ठाम वाक्यं.

"बघा सोनकांबळे, मी शिक्षक माणूस. खेड्यातनं लेकरं माझ्या भरवशावर येतात. जगदेवीची फीसुद्धा मी माफ केलीय, भूकंपग्रस्त म्हणून. तिला अशा मोडक्या घरात विषारी किडा चावतो, मी गप्प बसू?"

"मुलांच्या तब्येतीचं तुम्हीच बघता?"

"माझ्याइतकं कुणी बघत नाही. कंपाउंडर ठेवलाय खास. डोकेदुखी, सर्दी, इथल्या इथं. तास बुडायला नको." सरांनी हाक मारली, "पंढरी, ह्यांना दाखव."

पंढरीची खोली जिन्याखाली होती. पांढरा सदरा, खाली मान. खोलीत स्पिरिटचा वास. एका फळीवर गोळ्यांच्या बाटल्या, खाली एक पितळी स्टो, आणि स्टोवर कंपासपेटीएवढी लांबट स्टीलची डबी झाकून ठेवलेली.

"चहा घ्या साहेब. हॉटेलातनं मागवतो," पंढरी म्हणाला.

"स्टो आहे की."

"कोरडा हाय साहेब. दोन आठवडे झाले, रॉकेलचा थेंब न्हाई."

"मग डबी कशाला ठेवली त्याच्यावर?"

"जागा कुठं हाय दुसरी?" पंढरी म्हणाला, आणि त्याने डबी उचलून फळीच्या मागं सारली. आत काचेवर काच आपटल्यासारखा आवाज झाला.

"औसा रोडच्या पोराला काय दिलंत तुम्ही?"

"तापाची गोळी."

"दवाखान्यात का नाही पाठवलं?"

पंढरीने दाराकडं पाहिलं. "सर म्हणाले, कातीण हाय. उतरंल."

बाहेर आल्यावर मन्मथ हळूच म्हणाला, "आनंदराज, मला वाटतं जलीलभाईच काहीतरी लपवतोय. घर त्याचं, कातीण त्याची."

"मन्मथप्पा, गेल्या आठवड्यात तुम्ही मेरिट बॅचचा फोटो काढला होता ना?"

"काढला की. पुढच्या बोर्डासाठी, आधीच. सरांना लई भरवसा. पण तो फोटो वाया गेला. पोरं नीट उभीच राहिनात. मी म्हटलं, हात मागं बांधा, छाती पुढं काढा. एकेकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. डावे खांदे सगळ्यांचे वर उचललेले. ती जगदेवी पण त्यात हाय. मी ओरडलो त्यांच्यावर."

"फोटो काढायच्या आधी पोरं कुठं होती?"

मन्मथने आठवून पाहिलं. "जिन्याखाली रांग होती. एकेक जण आत जाऊन दंड चोळत येत होता. मला वाटलं, केस विंचरायला जात असतील."

आनंदराजने छत्री मिटली. "दंडाने केस विंचरतात का कुणी? चला, स्टुडिओतून तो फोटो घेऊ. मग दवाखाना. आणि जलीलभाईंना म्हणावं, घरच्यांना घेऊन या. सरांना मीच आणतो."

*

भुजंग सरांना यायचं नव्हतं. आनंदराजने त्यांना एवढंच सांगितलं, की पोरगी शुद्धीवर आहे आणि बोलते आहे. सर पंढरीला घेऊन स्वतःच्या जीपमधून आले.

व्हरांड्यातल्या बाकावर वीरण्णा गाठोडं बांधून बसला होता. गाडीला थोडाच वेळ होता. जलीलभाई, बानो आणि जिक्रा खांबाशी उभे होते. डॉक्टर बुद्धप्रिया दाराला टेकली होती. आनंदराजने बरणी बाकावर वीरण्णाशेजारी ठेवली.

"अण्णा, लेकीला न्यायच्या आधी माझं ऐका. पटलं नाही तर गाडीपर्यंत गाठोडं मी उचलून नेतो."

वीरण्णाने मान हलवली.

"ही कातीण. ही जगदेवीला चावली म्हणतात. जगदेवी जिच्याशेजारी एका रजईत झोपते, ती जिक्रा इथं उभी आहे. तिला मच्छर चावले, कातीण नाही. बरं, कातीण निवडून चावते म्हणा. मग तसलाच फोड, त्याच दंडावर, औसा रोडच्या पोराला कसा? नवं सिमेंटचं घर आहे ते. लातूरच्या दोन टोकांच्या दोन घरांत एकच कातीण जाते कशी?"

"योगायोग," भुजंग सर म्हणाले.

"सर, तुमच्या फळ्यावर योगायोग चालतो का? दोन ठिकाणी एकच उत्तर आलं तर काय शोधायला शिकवता तुम्ही? दोघांत सारखं काय आहे ते. छप्पर सारखं नाही, जेवण सारखं म्हणावं तर बानोबाईंचे डबे निम्मं गाव खातं. ह्या दोघांत सारखी एकच गोष्ट. मेरिट बॅच."

सरांनी साखळी चाचपली.

"दुसरं. खरं विष थोड्या तासांत बोलतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. जगदेवीचा हात आधी नुसता जड झाला. दोन-तीन दिवसांनी लाल, मग गाठ, मग ताप. हे विषाचं चालणं नाही. हे कुजण्याचं चालणं. आणि दुखायला कधी लागलं? झोपेतून उठल्यावर नाही. क्लासवरून आल्यावर."

त्याने खिशातून फोटो काढून वीरण्णाच्या हातात दिला. "हा मन्मथप्पांनी त्याच दिवशी काढला. ही तुमची जगदेवी. हिचा खांदा बघा. आता बाकीच्यांचे बघा. सगळ्या मेरिट बॅचचा डावा खांदा वर. आज दुपारी मी ती पोरं पाहिली, दप्तरं सगळ्यांची उजव्या खांद्याला. मन्मथप्पा म्हणाले, शिस्त. सगळ्यांना एका जागी दुखत असलं की लांबून ते शिस्तीसारखंच दिसतं."

वीरण्णा फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला.

"एवढी पोरं, एकच दंड, एकच जागा. कातीण अशी रांग लावून चावत नाही अण्णा. रांग लावून टोचतो तो माणूस. जिन्याखाली तशी रांग लागली होती, आणि पोरं दंड चोळत बाहेर येत होती. जगदेवीच्या सुजेत मधोमध एकच भोक आहे. पू वर कातडीत नाही, खोल मांसात आहे. तेवढं खोल काय जातं?"

"सुई," डॉक्टर हळूच म्हणाली.

"पंढरी, त्या स्टीलच्या डबीत काय आहे?"

पंढरीने वर पाहिलं नाही.

"मी सांगतो. काचेची सिरिंज आणि सुया. डबीत पाणी घालून ती स्टोवर उकळायची असते, प्रत्येक पोरामागं. म्हणून ती स्टोवर. पण दोन आठवडे रॉकेल नाही. स्टो कोरडा. बानोबाई लाकडावर भाकरी करते, कारण भाकरी भाजल्याशिवाय खाता येत नाही. सुई मात्र न उकळताही टोचता येते. एका पोराची दुसऱ्याला."

"ते व्हिटॅमिन होतं," भुजंग सर म्हणाले. आवाज अजून वर्गातलाच होता. "शुद्ध व्हिटॅमिन. स्मरणशक्तीसाठी. मी काय विष दिलं का लेकरांना?"

"औषध चांगलंच असेल. घाण सुई होती. आणि ते तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत? पोरांना इथं पाठवलं असतं, तर तुमची चूक रॉकेलच्या टंचाईएवढीच राहिली असती. तुम्ही कातीण शोधायला निघालात. मेव्हण्याच्या घरी नाही. जलीलभाईच्या घरी, कारण ते घर मोडकं, आणि त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी गल्ली मान हलवणार हे तुम्हाला माहीत होतं."

"मी म्हणलो होतो सरांना," पंढरी एकाएकी बोलला. "रॉकेल येऊ द्या म्हणलो. सर म्हणाले, चाचणी परीक्षा थांबत न्हाई. स्पिरिटनं पूस."

"पण पोरगी स्वतः म्हणून राहिली, कातीण चावली," वीरण्णा म्हणाला.

आनंदराजने जिक्राकडं पाहिलं. ती आत गेली. दार उघडंच होतं. खाटेवर वाकून ती काहीतरी बोलली. मग जगदेवीचा बारीक आवाज व्हरांड्यात आला.

"सरांनी शपथ घातली होती अप्पा. दुसऱ्या क्लासवाल्यांना कळलं तर ते पण टोचतील म्हणले. जो सांगंल त्याचं नाव बॅचमधनं कमी. माझी तर फी माफ हाय. मग हात सुजला, तर म्हणले, कातीण चावली म्हण."

जलीलभाईने बरणी उचलली, बघितली, आणि पुन्हा खाली ठेवली.

वीरण्णा गाठोड्यावर हात ठेवून बसून होता. भुजंग सरांकडं त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो डॉक्टरकडं वळला.

"हिच्या आईचंबी असंच, कापलं तर जगंल म्हणले होते."

डॉक्टर बुद्धप्रिया त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. तिची चीड कुठं गेली मन्मथला कळलं नाही. "काका, त्यांचा पाय दगडाखाली चिरडला होता. तो मेलेला पाय होता. हा हात जिवंत आहे. मी हात कापणार नाही. बोटाएवढी चीर देऊन आतली घाण बाहेर काढणार. विहिरीतला गाळ काढतात ना, तसं. विहीर राहते. उद्यापर्यंत थांबलो, तर मात्र मला तेच सांगावं लागेल जे तुम्हाला तंबूत सांगितलं होतं."

"वाचंल?"

"आज केलं तर मला भरवसा आहे. शपथ नाही घालत. शपथा खूप झाल्या हिच्यावर."

रस्त्यावरून निलंग्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. वीरण्णाने मान वळवून गाडी जाईपर्यंत पाहिलं. मग गाठोड्याची गाठ सोडली, आतलं धोतर काढून घडी घालून बाकावर ठेवलं, म्हणजे मुक्काम ठरला.

"कुठं सही करायची सांगा," तो म्हणाला. "आणि मला दाराशी बसू द्या."

आनंदराज भुजंग सरांकडं वळला. "जीप खाली उभी आहे ना? बॅचमधल्या एकेका पोराच्या दारी न्या आणि सगळी इथं आणा. औसा रोडपासून सुरू करा. मन्मथप्पा तुमच्यासोबत येतील, फोटो बघून चेहरे ओळखायला. पोलिसांना डॉक्टर कळवतायत, तोवर निदान ड्रायव्हर म्हणून उपयोगी पडा."

अंधार पडेपर्यंत व्हरांड्यात पोरं दाटीने बसली. सगळ्यांच्या डाव्या बाह्या वर केलेल्या. काहींना नुसती गाठ होती, औसा रोडच्या पोराला जगदेवीसारखाच चिरा लागला. दोघांच्या आया येऊन पोहोचल्या होत्या आणि विचारत होत्या, आता परीक्षेचं कसं. आनंदराजला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. मन्मथने त्याची बाही धरली.

*

जगदेवीची पट्टी लहान झाली तेव्हा मन्मथ तिला भेटायला जलीलभाईच्या घरी गेला. वीरण्णाने तिला तिथंच ठेवलं होतं. दुसरीकडं ठेवायला तो तयारच झाला नाही.

माडीवर खिडकीत बसून ती जिक्राला गणित समजावत होती. डावा हात मांडीवर होता. बोटं हलवायचा सराव म्हणून रबराचा चेंडू मुठीत. क्लासेसच्या दाराला सील लागलं होतं. बोर्डावरचे गुणवंत तेवढे हसत होते.

"काका, आमचा तो फोटो बोर्डावर लागणार न्हाई ना?"

"पोलिसांनी नेला तो."

"बरं झालं. माझा खांदा वाकडा आला होता."

मन्मथने पिशवीतून कॅमेरा काढला. आल्यापासून त्याला तो काढावा की नाही कळत नव्हतं. "पुन्हा काढू. दोघींचा. ह्या खेपेला कुणी हात मागं बांधायचा न्हाई. जमंल तसं बसा."

जिक्राने ओढणी सारखी केली. जगदेवीने जरा विचार केला, चेंडू खाली ठेवला, आणि डावा हात हळूहळू उचलून जिक्राच्या खांद्यावर टाकला. वर नेताना तिचा ओठ दाताखाली गेला, पण हात पोहोचला.

कॅमेऱ्यातून बघताना मन्मथला त्यांच्या डोक्यावर, वाशापाशी, ती दुसरी चपटी कातीण दिसली. त्याचे पाय आपोआप मागं सरकले.

"सरका जरा," तो म्हणणार होता. मग म्हणाला नाही. तिलाही फोटोत येऊ दिलं.